उशिरा आलेला रिपोर्ट माझ्या लूपने टाकून दिला

माझ्या कोडपायी आज एका गरोदर मुलीचं रक्त विनाकारण दुसऱ्यांदा काढावं लागलं, म्हणून लिहिते आहे.

रुबीना सासूबरोबर बेलापूरहून राहात्याच्या लॅबमध्ये आली होती. रिपोर्टशिवाय डॉक्टर औषध बदलणार नव्हत्या, आणि लॅबच्या कॉम्प्युटरवर तिचा रिपोर्ट येतच नव्हता. तिथला प्रोग्राम माझा, म्हणून मला बोलावलं. मी गेल्या गेल्या म्हणाले, "मशीन मंद आहे."

सासू म्हणाली, "मंद आसंल मॅडम, पन आमच्या मागून आलेल्यांचे कागद निघाले की! आमचाच तेवढा गिळला व्हय?"

त्यांचं बरोबर होतं. जावास्क्रिप्टचा असिंक जनरेटर मशीनकडून एकेक रिपोर्ट आणतो. पाच सेकंदांत आला नाही, की माझा लूप, म्हणजे एकामागून एक रिपोर्ट मागत राहणारा कोड, टाइमआउट (वेळ संपली) धरून पुढचा मागायचा. टाइमआउट झाला म्हणजे आधीची मागणी रद्द झाली, असं मी गृहीत धरलं होतं. ती रद्द होत नाही. रुबीनाचा रिपोर्ट उशिरा आला तो त्या सोडून दिलेल्या मागणीच्या प्रॉमिसकडे, म्हणजे निकाल यायच्या जागेकडे, आणि तिथे तो घ्यायला कुणीच नव्हतं. मशीन पाठवलेला निकाल साठवत नाही, म्हणून तिचं रक्त पुन्हा काढावं लागलं.

आता टाइमआउट झाला तरी लूप नवी मागणी करत नाही, त्याच प्रॉमिसची पुन्हा वाट पाहतो. बदल चार ओळींचा. आधी सुचायला हवा होता.

तुमच्या लूपमध्ये उशिरा येणाऱ्याचं काय होतं, कधी पाहिलंय?

संध्याकाळी दिलं ते असं: लॅबला दुरुस्त केलेला कोड, सासूबाईंच्या हातात सही केलेला रिपोर्ट. रुबीनाला द्यायला माझ्याकडे माफीशिवाय काही नव्हतं.