चाचांचा अंगठा

चाचा भेटले की रामराम नंतर. आधी तुमच्या दंडावर त्यांचा अंगठा. दाबायचे, सोडायचे आणि निकाल द्यायचे, "कुटाराचं आंग हाय. ढेप पायजे." कुटार म्हणजे भुसा, ढेप म्हणजे सरकीची पेंड, आणि या निकालातून आमच्या गल्लीतला नवरदेवही सुटला नाही.

वाशीमच्या शिवेवर माझा भाजीचा मळा आणि बांधाला लागून त्यांचा गोठा. म्हशीला टोणगा झाला की लोक त्याचं दूध तोडत आणि त्याला हाडं वर येईपर्यंत तसाच सोडत. चाचा असले टोणगे मोगलाईतून, म्हणजे मराठवाड्याकडून, आणायचे, वर्ष-दीड वर्ष खाऊ घालायचे आणि मग खाटकाला द्यायचे. पुष्कळांना हा धंदा पसंत नव्हता. मला विचाराल तर, टोणग्याला पोटभर घालणारा माणूस त्या भागात तोच एक होता.

एकदा अनसिंगच्या बाजारात एकाने गळ्याखाली भरलेला टोणगा पुढे केला. "पाहा चाचा, कसा गरगरीत!"

चाचांनी अंगठा दाबला, काढला. बोराएवढा खड्डा तसाच राहिला. "मास दाबलं तं वर येते, भाऊ. हे पानी हाय. आतून बिमार हाय जनावर." मालक ओशाळला. चाचांनी उलट त्याला औषध सांगितलं.

एका उन्हाळ्यात त्यांनी माझ्या पाटाच्या शेवटाला टोणग्यांना डुंबायला डबकं केलं आणि माझी वांगी बुडाली. मी तावातावाने गेलो.

"उन्हात उभं राह्यलं तं खाल्लेलं सारं धापा टाकण्यातच जाते. मास कायचं चढते?" असं म्हणत त्यांनी भांडणाच्या मधेच माझा दंड दाबला. "तू बी सावलीत ये. रागानं आंग उतरते." मला हसू आलं आणि भांडण तिथेच संपलं. तेव्हापासून मळ्यातला पाला त्यांच्या गोठ्यात आणि गोठ्यातलं शेण माझ्या वाफ्यात.

पुढे मी मुदतीच्या तापातून उठलो, नुसता सापळा. बायकोने आनंदाने पुऱ्या तळल्या. मी ताटावर झडप घालणार, तोच भेटायला आलेल्या चाचांनी ताट उचललं.

"उपाशी टोणग्याले पयल्या दिवशी ढेप देल्ली तं तो मरते, बाई. पेज दे. आज वाटीभर, उद्या दीड."

मी तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या. ते रोज येत, दंड दाबत, म्हणत, "आधी मास येऊ दे. चरबी मंग येते." महिन्याने मी कुदळ धरली. हा माणूस नसता तर मी नसतो, हे मी आजही मानतो.

मग एका श्रावणात पाल्याचा भारा घेऊन गेलो, तर चाचा बाजेवर बसलेले. जन्माचा काटकुळा माणूस, पण चेहरा भरलेला, पाय गुबगुबीत. मला कोण आनंद झाला! "चाचा, यंदा आंग धरलं तुमी!"

माझा अंगठा धरून त्यांनी आपल्या नडगीवर दाबला आणि सोडला. खड्डा तसाच राहिला. आम्ही दोघं त्याच्याकडे पाहत बसलो.

मग त्यांनाच हसू फुटलं. "अनसिंगच्या बाजारात फसला असता तू."

त्यानंतर चाचा पोळ्यापर्यंतही राहिले नाहीत. पण त्या दिवशी माझे डोळे भरले, तसा त्यांनी माझा दंड दाबला, नेहमीसारखा, जरा जास्तच वेळ.

"हे मास हाय," ते म्हणाले. "जाय आता, पाला टाक त्याइले. उपाशी हायेत."