पाच डॉलरची मनीऑर्डर

व्हर्लीन स्टिडहॅम ही बाई अर्लिस नेपिअरला खरं सांगायचं तर फारशी माहीत नव्हती. अकरा वर्षं दर महिन्याच्या तीन तारखेला ती बर्च फोर्कच्या पोस्टात त्याच्या खिडकीसमोर येऊन उभी राहायची, पाच डॉलरची मनीऑर्डर घ्यायची आणि जायची. एवढ्या ओळखीवर कुणाबद्दल काही सांगावं का, याची त्याला पुढेही शंकाच वाटत राहिली. तिचा नवरा खाणीत गेला की खाण सुटल्यावर घरी खोकून गेला, हेसुद्धा त्याला छातीठोक सांगता आलं नसतं. तिकडे लग्न झालेल्या वडीलधाऱ्या बाईलाही म्हणतात तसं, तो तिला मिस व्हर्लीन म्हणायचा.

एक गोष्ट मात्र माहीत होती. तिचा कुणावर विश्वास नव्हता. नोटा ती स्वतः मोजायची, मग त्याला मोजायला लावायची, आणि तो मोजत असताना त्याच्या बोटांकडे बघायची. मनीऑर्डरवर शिक्का बसला की म्हणायची, "तारीख उमटली का नीट?"

"उमटली, मिस व्हर्लीन."

"दाखव."

मग तो कागद काचेखालून सरकवायचा. ती चष्मा वर करून तारीख वाचायची, पावतीचा तुकडा पाकिटात ठेवायची आणि मनीऑर्डर लिफाफ्यात घालून टपालात टाकायची. मनीऑर्डर नेहमी जिल्ह्याच्या दवाखान्याच्या नावाने असायची. पाच डॉलर पाठवायला वर दीड डॉलर फी. अर्लिसने कधी विचारलं नाही. त्याला न विचारताच कळलं होतं, कारण त्या खोऱ्यात बरेच जण तसं करायचे. दवाखान्याचं बिल मोठं झालं तर दरमहा पाच डॉलर पाठवत राहायचं. पाठवणाऱ्याच्या केसालाही कुणी धक्का लावू शकत नाही, असं सगळे मानायचे. अर्लिसच्या आईनेही तसंच केलं होतं. हे खरं नाही असं त्याने एकदा पोस्टातल्याच एका पत्रकात वाचलं होतं. पण पोस्टातल्या माणसाने कुणाच्या पैशात तोंड घालू नये, असं म्हणून तो गप्प राहिला. अकरा वर्षं.

त्या वर्षी जुलैत व्हर्लीन सतरा तारखेला आली. मनीऑर्डर नको होती. लाइनीत मागे कुणी नाही ना, हे तिने दोनदा पाहिलं.

"अर्लिस, फोनवर कार्डाचा नंबर मागणारा माणूस खरा असतो की चोर?"

"कोण मागतंय?"

"ते तुला कशाला?" म्हणाली, आणि मग तिनेच सांगितलं. तिचं चाकांवरून आणून ठेवलेलं ट्रेलर-घर ज्या जागेवर तेवीस वर्षं उभं होतं, ती जागा मालक विकायला काढत होता. भाडेकरूंना पहिला हक्क, पण सप्टेंबरअखेरपर्यंतच. नाहीतर घर उचलून न्या. आणि ते घर उचललं की मोडणार, हे तिला आणि मालकाला दोघांनाही माहीत होतं. तिने तेराशे डॉलर बाजूला टाकले होते, तेवढे आगाऊ भरले की बाकीचं बँक देणार होती. पण बँकेतल्या पोरीने तिचा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे कर्जफेडीचा इतिहास, काढला आणि तोंड वाकडं केलं. दवाखान्याचं जुनं बिल, बाराशे साठ डॉलर, वसुली कंपनीकडे गेलेलं.

"म्हणाली, भरून टाका. दवाखान्याचं देणं फेडलं की हल्ली ती नोंद निघूनच जाते. पूर्वी म्हणे 'फेडलं' असं लिहून तशीच राहायची."

"मग भरा की."

"आणि आगाऊ काय भरू, माझे दात? तेराशेतले बाराशे साठ त्यांना दिले तर नोंद जाईल आणि जागाही जाईल. आणि तो वसुली कंपनीचा फोनवाला म्हणतो, आज सहाशे दे, सगळं मिटवतो. आजच का रे? उद्या काय त्याचा वाढदिवस आहे?"

"लेखी मागा," अर्लिस म्हणाला. एवढं बोलल्यावर त्याचे कान तापले. "कुठल्या बिलाचे, कधीपासूनचे, ते कागदावर पाठवा म्हणावं. तोवर एक पैसा देऊ नका."

"तुला यातलं इतकं कसं माहीत?" असं विचारून, उत्तराची वाट न बघता ती गेली.

तीन ऑगस्टला ती परत आली ती हातात पत्र घेऊनच. काचेवर ते आपटून म्हणाली, "हे कुणी सांगितलं त्यांना?"

पत्रात कंपनीने लिहिलं होतं: खातं आमच्याकडे आलं तेव्हाचा शेवटचा भरणा, पाच डॉलर, पोस्टाची मनीऑर्डर. खाली तारीख होती, दोन वर्षांपूर्वीची.

"ही मनीऑर्डर मी तुझ्या खिडकीवर घेतली. तू आणि मी, तिसरं कुणी नव्हतं. मी तर सांगितलं नाही."

"मिस व्हर्लीन, मी कशाला..."

"तेच विचारतेय. कशाला?"

मागे टपाल घ्यायला आलेला म्हातारा टर्नर पेटीत किल्ली फिरवायचा थांबला. काही केलं नसताना आपण काहीतरी केलंय असं वाटणं, हा अर्लिसचा जन्माचा आजार होता. तो म्हणाला, "दवाखान्याने कळवलं असेल. तुम्ही पैसे दवाखान्याला पाठवता, दवाखाना कंपनीला सांगतो, इतके आले म्हणून."

"असेल?"

"म्हणजे... असंच असतं."

"असेल म्हणणाऱ्यावर मी घर सोपवत नाही," ती म्हणाली आणि मनीऑर्डर न घेता निघून गेली. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

दुपारी अर्लिसने खिडकी बंद केली, मागच्या खोलीत गेला आणि जिल्ह्याच्या मोफत कायदा मदतीच्या कचेरीला फोन लावला. एका ओळखीच्या बाईचं विचारायचंय, म्हणाला. पलीकडची बाई हसली नाही, याबद्दल त्याला फार बरं वाटलं. ती म्हणाली, रिपोर्टवर अशी नोंद सात वर्षं राहते, आणि ती सात वर्षं पहिला हप्ता चुकला तिथून मोजतात. नंतर कुणी पाच डॉलर पाठवोत की पाचशे, ती तारीख पुढे सरकत नाही. कुणी सरकवली असेल तर तो लबाडी करतोय. पण पहिल्या तारखेचा कागद हवा.

त्या संध्याकाळी तो तिच्या ट्रेलरच्या दारात उभा राहिला. आतून कडी निघाली नाही.

"काय पाहिजे?"

"तुमच्याकडे पहिलं पत्र आहे का? दवाखान्याने बिल वसुलीला दिल्याचं. अगदी जुनं."

"कुणी पाठवलंय तुला?"

"कुणी नाही. घरी चाललो होतो." त्याचं घर उलट्या दिशेला होतं, आणि तिला ते माहीत होतं. बहुधा म्हणूनच तिने दार उघडलं. एवढं वाईट खोटं बोलणारा माणूस कट काय करणार!

टेबलावर घेवड्याची आमटी आणि मक्याचा पाव होता. तिने त्याला बस म्हटलं नाही, पण वाडगा पुढे सरकवला. मग कपाटातून कॉफीचे दोन डबे काढले. पावत्यांचे तुकडे वर्षावर्षाप्रमाणे रबरबँडात बांधलेले. पहिल्या डब्याच्या तळाशी घडी केलेलं एक पत्र होतं. दवाखान्याचं. रक्कम एकोणीसशे वीस. किमान हप्ता साठ डॉलर होता, तो ऑक्टोबरपासून आलेला नाही, सबब खातं वसुलीकडे देत आहोत. तारीख, दहा वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी.

अर्लिसने ते पत्र कंपनीच्या पत्राशेजारी ठेवलं. "हे बघा. ही नोंद तीन वर्षांपूर्वीच रिपोर्टवरून गळून पडायला हवी होती. या कंपनीने तुमचं खातं दोन वर्षांपूर्वी घेतलं आणि तेव्हाच्या तुमच्या पाच डॉलरची तारीख सुरुवात म्हणून लिहिली. म्हणून ती अजून ताजी दिसते."

व्हर्लीनने दोन्ही तारखांवर एकेक बोट ठेवलं. "म्हणजे मी पैसे पाठवले ते..."

"पाठवले म्हणून त्यांना ती तारीख सापडली."

"आणि वसुलीला तर त्यांनी तेव्हाच दिलं होतं. पाच डॉलर येत असताना."

"हो."

"तुला माहीत होतं? पाच डॉलरने वसुली अडत नाही हे?"

अर्लिसने चमचा खाली ठेवला. "माहीत होतं."

"आणि बोलला नाहीस."

"नाही बोललो."

तिने त्याचा वाडगा उचलला. आता हाकलणार असं त्याला वाटलं. तिने त्यात आणखी आमटी वाढली. "खा. आणि मग तुझ्या त्या सुंदर अक्षरात लिही, काय लिहायचं ते."

क्रेडिट रिपोर्ट ठेवणाऱ्या तीन कंपन्यांना तीन पत्रं गेली, प्रत्येकात जुन्या पत्राची नक्कल, तिन्ही रजिस्टर पोस्टाने. तो शिक्के मारत असताना तिने एकेक पाकीट काचेआडून पिशवीपर्यंत नजरेने पोचवलं. पाकिटं पिशवीत पडली तरी ती हलेना. "टपालाची गाडी येईपर्यंत थांबते," म्हणाली, आणि थांबली. हिरव्या पोचपावत्या आठ दिवसांत परत आल्या, तेव्हा त्यांवरच्या सह्या खऱ्या कशावरून, असं तिने विचारलं.

सप्टेंबरच्या एकवीस तारखेला बँकेतल्या पोरीचा फोन आला. रिपोर्ट कोरा होता, ती नोंद निघाली होती. सव्वीस तारखेला जागेचे कागद झाले. सही करण्याआधी व्हर्लीनने म्हणे ते सगळे, पाठकोऱ्या बाजूसुद्धा, उलटून पाहिले.

पुढच्या तीन तारखेला ती खिडकीवर आली. "पाच डॉलरची. दवाखान्याच्या नावाने."

अर्लिसला राहवलं नाही. "मिस व्हर्लीन, रिपोर्टला आता काही होणार नाही. पण पैसे पाठवत राहिलात तर कोर्टात जायची कंपनीची मुदत नव्याने सुरू होऊ शकते. त्या कचेरीतल्या बाईने सांगितलंय."

"या वेळी बोललास," ती म्हणाली. "ऐकलं मी. पण पित्ताशय माझं होतं ना? दवाखान्याने काढलं. त्यांचं देणं आहे."

"मग कंपनी?"

"कंपनीने माझं काय कापलं?"

त्यानंतर ती चार वेळा आली. पाचव्या तीन तारखेला आली नाही. सहा तारखेला चर्चच्या दारावर तिच्या नावाचा कागद लागला. अर्लिस अंत्यविधीला मागच्या बाकावर बसला. तिचा कोण लागतोस, हे त्याला कुणी विचारलं नाही आणि त्याला सांगताही आलं नसतं. बसल्या बसल्या तो शेवटच्या खेपेचं आठवत राहिला. तिने काही वेगळं म्हटलं असेल, आपल्याच लक्षात राहिलं नसेल, असं त्याला वाटत होतं. पण तसं काही नव्हतं. तिने नोटा मोजल्या, त्याला मोजायला लावल्या, त्याने शिक्का मारला.

"तारीख उमटली का नीट?"

"उमटली, मिस व्हर्लीन."

"दाखव."