पाया पडून विरोध करणारा दिनकर

दिनकर गेल्याचा त्याच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी केजच्या बसस्टँडवर होतो. "काका, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली... महिना उलटला, पण आमचा अर्धवट राहिलेला वाद अजून डोक्यातून जात नाही.

आम्ही एकाच कॉलेजात शिकवायचो, तो तत्त्वज्ञान, मी इतिहास. कन्फ्यूशियस हा त्याचा जुना नाद. या चिनी विचाराचं पुढं काय व्हावं, यावर आम्ही वर्षानुवर्षं भांडलो. मी बौद्ध घरातला. धर्मांतराच्या वेळी वडिलांनी देव्हाराच घराबाहेर काढलेला. मी म्हणायचो, "ज्या विचारात बाप वर, पोरगा खाली, राजा वर, रयत खाली, त्याची डागडुजी कशाला? सोडून द्यायचा." तो म्हणायचा, "वरचा चुकला तर त्याला टोकणं हे खालच्याचं कर्तव्य, हेबी त्यातच हाय. राजांनी ते दाबून ठेवलं. पुढं न्यायचं ते तेच." मग बाकीच्याचं, त्या वर-खालीचं काय, असं विचारलं की म्हणायचा, "ठरत न्हाई बघ..."

मग एका वर्षी मोठा दुष्काळ पडला. दिनकरचे थोरले भाऊ, ज्यांना सगळे दादा म्हणत, सहकारी साखर कारखान्याचे चेअरमन होते. वडिलांमागं त्यांनीच दिनकरला शिकवलेलं. गावं टँकरवर जगत होती आणि कारखान्याच्या सभेत तलावातलं उरलंसुरलं पाणी कारखान्याला घ्यायचा ठराव आला. सभासद दिनकर उठून व्यासपीठावर गेला, भावाच्या पाया पडला आणि माईक हातात घेऊन म्हणाला, "दादा, तुमी मला बापाच्या जागी. म्हणून सांगतो, हे पाणी माणसांचं हाय. माझा विरोध लिहून घ्या." हळूहळू मंडपात ठरावाविरुद्ध हात वर होत गेले. ठराव पडला.

दादा त्याच्याशी पुन्हा बोलले नाहीत. दिनकर मात्र दर पाडव्याला जाऊन त्यांच्या पाया पडून यायचा. "बरोबर तू होतास, मग वाकतोस कशाला?" असं मी एकदा विचारलं. म्हणाला, "न वाकता बोललो असतो तर नुसता विरोधक झालो असतो." "म्हणजे वाकणंही पुढं न्यायचं का?" मी विचारलं. तो हसला. "तेच तर कळंना."

परवा त्याच्या घरी गेलो, तर दादा आलेले. आता ऐंशीच्या घरात आहेत. मला म्हणाले, "सर, त्यानं त्या दिवशी माझा मान ठेवला का अपमान केला? तुमी त्याचे दोस्त, तुमीच सांगा."

"दादा, खुर्चीत बसा," वहिनी, दिनकरच्या पत्नी, म्हणाल्या. खिडकीशी दिनकरची वेताची खुर्ची होती. दादा तिच्याकडं बघत राहिले. मग काठी टेकत खाली सतरंजीवर बसले, धाकट्याच्या खुर्चीसमोर... आणि मीही त्यांच्या शेजारी बसलो.