मनोरमाकाकींच्या गणपतीची नजर

वसईजवळच्या निर्मळ गावात हरिश्चंद्राला कुणी ‘गणपतीवाला’ म्हटलं की त्याचं डोकं फिरायचं. "गणपतीवाले बाजारात बसतात. मी घरांचे गणपती करतो," असं तो तोंडावर सुनवायचा. आणि खोटं नव्हतं ते. नागपंचमी आली की गावातली बागायतदार घरं आपापला पाट घेऊन, वर नारळ-सुपारी ठेवून, त्याच्या केळीच्या वाडीतल्या मूर्तिशाळेत हजर. त्या पाटावरच त्या घराचा गणपती घडायचा आणि त्याच पाटावरून घरी जायचा. बापाच्या वेळेपासूनची रीत. पाट आले तर हरिश्चंद्र मूर्तिकार. नाही आले तर? तसा विचार त्याला कधी करावा लागला नव्हता.

शाडू काय, चार वर्षं बसलं तर कुणीही मळेल. खरी गोम डोळ्यांत. चतुर्थीच्या आधीचे काही दिवस तो पहाटे अंघोळ करून, उपाशीपोटी, कुणाशी एक शब्द न बोलता डोळ्यांची आखणी करायचा. प्रत्येक घर त्याला पाठ होतं. मनोरमाकाकींकडे मखर उंच चौरंगावर असायचं, आणि काकी गुडघ्यांनी हैराण, आरतीलाही खाली बसलेल्या. म्हणून त्यांच्या गणपतीची नजर तो जराशी खाली उतरवायचा. काकी गावभर सांगायच्या, "आमचा बाप्पा माझ्याकडेच बघतो हो!" का बघतो ते हरिश्चंद्राने कधी सांगितलं नाही. सांगायचं काय त्यात!

मग दोन हजार तीन-चारच्या सुमाराला नायगावला खाडीकडे मालिकांचे सेट उभे राहायला लागले. मुलगा सुजय कुठून तरी बातमी घेऊन आला. "बाबा, देवादिकांची मालिका आहे. मूर्ती करणारा माणूस हवाय त्यांना. बारा महिने काम! इथे काय, चार महिने माती नि आठ महिने केळी."

बायको प्रेमलताही म्हणाली, "अहो, जा ना. कलावंत म्हणून बोलावतायत, हमाल म्हणून नाही."

गेला. आणि खोटं कशाला बोला, त्याला ते गोडही लागलं. तिथे त्याला सगळे ‘आर्टिस्ट’ म्हणायचे. थर्माकोलचा, दोन माणसं उंच देव केला त्याने. डोळे नेहमीसारखे शांत काढले, तर सेटवरचा साहेब म्हणाला, "दादा, मोठे करा. एकदम टक्क! कॅमेऱ्यात दिसायला हवेत." त्याने केले. पुढे सगळ्याच देवांचे तसे केले. हाताला वळण काय, पडतं तसं पडतं.

श्रावणात नेहमीप्रमाणे पाट आले. त्यानेही घेतले. सकाळी शाडू, मग स्कूटरवरून नायगाव, दोन्ही निभेल अशी त्याची समजूत. चतुर्थी जवळ आली तशी त्याने चार दिवसांची सुट्टी मागितली.

"आत्ता?" साहेब हसला. "हीरोच्या तारखा मिळाल्यात दादा. गणपती काय, दरवर्षी येतो!"

तेव्हाच ब्रश टाकून निघायला हवं होतं. पण ‘तुम्हाला कायम करतो’ हे गाजर समोर लटकत होतं ना! राहिला. हरतालिकेला दुपारी सुटला, तो सेटवरचा वडापाव खाऊन तसाच मूर्तिशाळेत घुसला. ना अंघोळ, ना मौन. संध्याकाळी लोक मूर्ती न्यायला येणार होते. एकामागून एक डोळे काढत सुटला. हात भराभर चालत होता, नायगावला चालायचा तसा.

मूर्ती नेताना कुणी काही बोललं नाही. सणाच्या तोंडावर कोण बोलतं? विसर्जनानंतर मनोरमाकाकी मात्र वाडीच्या फाटकाशी काठी टेकून उभ्या राहिल्या. "हरी, यंदा काय रे झालं तुला? सगळे दिवस देव घरात होता, पण माझ्याकडे बघितलंन नाही. डोळे वटारून भिंतीकडे बघत बसला होता."

हरिश्चंद्र त्यांना हात धरून घरापर्यंत सोडून आला.

मालिका सहा महिन्यांत गुंडाळली. त्याच्या त्या उंच देवाला शिंगं चिकटवून दुसऱ्या मालिकेत राक्षस केला म्हणे. कायम होण्याचं तर कुणाला आठवतही नव्हतं. पुढच्या नागपंचमीला त्याने मूर्तिशाळा सारवून घेतली, दारात बसून राहिला. एकही पाट आला नाही. प्रेमलता दोनदा येऊन बघून गेली.

मग? पोट आणि हात दोन्ही गप्प बसत नाहीत. वसईत सिद्धेश नावाच्या पोराने प्लास्टरच्या मूर्तींचं मोठं दुकान मांडलं होतं. मूर्ती बाहेरून यायच्या, डोळे हरिश्चंद्राने काढायचे, पडद्यामागे बसून. "काका, कुठे बोलायचं नाही हां. गिऱ्हाइकाला लांबचा माल वाटला पाहिजे." कुठली मूर्ती कुणाच्या घरी जाणार, मखर उंच की बुटकं, काही ठाऊक नाही. तरी तो अंघोळ करून, उपाशीपोटी बसायचा. आता त्याला गडबड करायची नव्हती.

दोन वर्षांनी चतुर्थीला तो रिवाजाप्रमाणे मनोरमाकाकींकडे दर्शनाला गेला. उंच चौरंगावर प्लास्टरचा गणपती, हरिश्चंद्राच्या ओळखीच्या जुन्या पाटावर न मावलेला, कडेने बाहेर आलेला. त्याने डोळ्यांकडे पाहिलं. नजर जराशी खाली उतरवलेली होती.

"बघ," काकी खालूनच म्हणाल्या. "वसईहून आणला. रांगेनं मूर्ती होत्या, पण हाच एकटा माझ्याकडे बघत होता. याला म्हणतात हात!"

"काकी," हरिश्चंद्र म्हणाला, "ते डोळे मी काढलेत."

काकींनी त्याच्याकडे पाहिलं. राग नव्हता, चेष्टा नव्हती. नुसती कीव होती, आणि तीच त्याला सोसवेना.

"हो रे बाबा, तूच काढलेस," असं म्हणून त्यांनी त्याच्या हातावर मोदक ठेवला. "मनाला लावून घेऊ नकोस. होतं असं, हात जातो माणसाचा. पुढच्या वर्षी सुजयला पाठव त्या दुकानात. तुमच्या घरी तरी चांगल्या डोळ्यांचा गणपती येऊ दे."