मोरीचं पाणी आणि दुधीचा वेल

माझ्या बायकोने माझं एकच बांधकाम पाहिलं, आणि तेही कौतुकाने पाहिलं नाही. ती गेली त्याला चार महिने झाले. हे लिहायला हरकत घेणारं आता घरात कुणी नाही.

बहात्तरच्या दुष्काळात मी पारनेर तालुक्यातल्या एका वाडीवर मास्तर होतो. लग्नाला वर्ष झालं होतं. मोरीचं पाणी साचलं की डास होतात, असं एका सरकारी पुस्तिकेत वाचून मी परसात शोषखड्डा खणला. तळाशी दगडगोटे, वर विटांचे तुकडे आणि वाळू, तोंडाशी बुडाला भोकं पाडलेलं मडकं. नळीतून सांडपाणी मडक्यात यायचं आणि जमिनीत जिरायचं. सगळं पुस्तिकेतल्या चित्रासारखं हुबेहूब.

तिने मडक्यात डोकावून विचारलं, "अवो मास्तर, ह्यात गेलेलं पानी निघतं कुठं?"

"निघत नाही. जिरतं."

"मंग मी पाऊन कोस चालून आनते, ते तुमच्या खड्ड्याला पाजायला व्हय?"

मोरीमागे तिचा दुधीचा वेल होता. भांडी राखेने घासलेली, त्यामुळे ते पाणी वेलाला मानवायचं. आळीत प्रत्येक मोरीमागे असंच काहीतरी होतं, कुठे अळू, कुठे घेवडा. त्या उन्हाळ्यात बाजारात हिरवं पान दिसत नव्हतं. ताटात भाजी पडायची ती मोरीमागचीच.

मी ऐकलं नाही. नंतर महिनाभर मडक्यात डोकावलोही नाही. चित्राप्रमाणे झालंय म्हटल्यावर पाहायचं काय?

महिन्याने तालुक्याचे साहेब खड्डा पाहायला आले. बायका जमल्या. साहेबांनी मडकं उचलून खालच्या वाळूत हात घातला. कोरडी ठणठणीत.

"वा, गुरुजी! इतकं झटपट पाणी जिरवणारा खड्डा मी पाहिला नाही. आठ दिवसांत सगळ्या आळीत असेच खड्डे झाले पाहिजेत."

शेजारची म्हातारी पुटपुटली, "गेला माझा घेवडा."

मी वाकलो, तेव्हा दिसलं. नळीच्या तोंडात चिंधीचा बोळा होता, आणि नळीच्या अलीकडून एक चिंचोळा पाट फरशीखालून थेट वेलाकडे गेला होता. बायको दारात उभी होती. पदर तोंडावर होता, पण डोळे हसत नव्हते. बाकीच्या बायकाही माझ्याकडेच पाहत होत्या. मी गप्प राहिलो असतो, तर शाबासकी माझी होती आणि आळीची भाजी गेली होती.

"साहेब," मी बोळा ओढून काढला, "खड्डा कोरडा आहे, कारण त्यात पाणी आलेलंच नाही."

साहेबांनी फरशी उचलली. पाटाच्या कडेकडेने वेलापर्यंत गेले. पाणी कुठे साचलेलं सापडेना.

"पण डास?" त्यांनी दरडावून विचारलं.

"वेल पिऊन ऱ्हायल्यावर डासाला काय उरतंय, साहेब?" बायको म्हणाली.

बायका फिसकन हसल्या. साहेबांनी हसू दाबायचा प्रयत्न केला, तो काही साधला नाही. "जिथं झाडाला पाणी जातंय, तिथं खड्डा नको," एवढं सांगून ते निघाले. जाताना तिने त्यांच्या हातात एक कोवळा दुधी दिला.

ते गेल्यावर मी विचारलं, "बोळा कधी घातलास?"

"तुमी खड्डा पुरा करून मोरीत हात धुतले ना? त्याच पान्यापासनं."