पेटी घ्यावी का?

इंदापुरात आमचं खताचं दुकान आहे. तिथला कॉम्प्युटर बिघडला की एक दुरुस्तीवाला येतो. काहीही विचारा, आधी "व्हय व्हय" म्हणतो आणि मगच नाही म्हणायला लागतो. देव्हाऱ्यापुढं काढावी तशी चप्पल दाराबाहेर काढतो, आणि बिनसाखरेचा चहा बशीत ओतून फुंकत पितो.

परवा पुण्याचा एक विक्रेता मला घाबरवून गेला. चोर इंटरनेटवरून दुकानात घुसतील, त्यांना अडवणारी महागडी सुरक्षा पेटी बसवाच, म्हणाला.

"घ्यावी का?" आज दुरुस्तीवाला आल्यावर मी ह्याला विचारलं.

"व्हय व्हय, घ्या की," म्हणत हा रस्त्यापलीकडं लिंबाखाली जाऊन मोबाईल खेळत बसला. मला रागच आला. तेवढ्यात आमचा बिलांचा प्रिंटर आपोआप घरघरला आणि कागद बाहेर आला: "दोन चहा सांगा. माझा बिनसाखरेचा."

मी धावत बाहेर गेलो. त्यानं हसत आमच्या दर्शनी भिंतीकडं बोट केलं. गिऱ्हाइकांची सोय म्हणून मीच पेंटरकडून तिथं वायफायचा पासवर्ड हातभर अक्षरांत लिहून घेतला होता.

"पेटी न्हाय लागत, तात्या. आधी रंगाचा डबा आणा."

चहा होईपर्यंत त्यानं पासवर्ड बदलला, गिऱ्हाइकांचं वायफाय वेगळं केलं. भिंतसुद्धा त्यानंच रंगवली, भर रस्त्यात चप्पल काढून.