बांधाबाहेरचं घर

धान पिकवणाऱ्याच्या पोराला बांध घालायला शिकवू नये, असा आमचा तोरा होता. आम्ही म्हणजे वैनगंगेच्या काठची गावं सोडून भिलाईला आलेली मंडळी. कारखाना उभा राहत होता. कोणी मातीकामावर मुकादम झालं, मी सर्व्हेत लागलो. आमच्याकडे शेताच्या बांधाला धुरा म्हणतात. बा धुऱ्यावरून चालताना खेकड्याचं बीळ दिसलं, की त्यातून धानाचं पाणी निसटू नये म्हणून बोलणं न थांबवता टाच मारून ते बुजवायचा. आम्हा भावंडांनाही तीच खोड लागली.

शिवनाथ नदीच्या काठच्या एका लहानशा कसब्यात पूर शिरला होता. पुढच्या पावसाळ्याआधी तिथं बांध घालायचं ठरलं आणि जागा बघायला आमची पार्टी गेली. त्या कसब्याच्या खालच्या आळीत माझी ताई राहत होती. मेहुणे रेल्वेच्या दुर्ग लाइनवर गँगमन. कवेलूचं कौलारू छप्पर, दारात सीताफळ, आणि तिनं पोटुशी असताना स्वतः लिंपलेल्या भिंती. त्यामुळे बांध कुठून न्यायचा हा माझ्यासाठी नुसता नोकरीचा प्रश्न नव्हता.

आमच्या सर्व्हेच्या साहेबांनी शाळेच्या ओट्यावर नकाशा पसरला. एक बांध अगदी नदीच्या काठानं जायचा. त्यात सगळा कसबा आत. दुसरा मागे सरकून गाडीवाटेनं. नदीला पसरायला जागा मिळायची, पण खालची आळी बाहेर राहायची आणि तिथल्या लोकांना वर जागा घ्यावी लागायची. अख्खा कसबा माळावर हलवावा असंही कोणी सुचवलं, पण ते कोणाच्याच गळी उतरलं नाही.

साहेबांनी विचारलं, काठानं बांध घातला आणि बाहेर नदी चढलेली असली, तर आत पडलेल्या पावसाचं पाणी कुठं जाईल? आम्ही हसलो. बांधातून पाणी सुटलं तर आमच्याकडे माणूस हातातला घास टाकून धावतो. पाणी जाईल कशाला? राहील! काठच्या बांधासाठी सर्वांत मोठ्यानं मीच भांडलो.

दुपारी ताईकडे जेवायला गेलो आणि सगळं फुशारकीनं सांगितलं. भात वाढता वाढता तिचा हात थांबला.

"पाणी आतच राहीन?"

"राहीन थोडंसं."

"मंग माह्या घरात का धान लावून राहिला तू?"

मी हसलो. ती हसली नाही.

"नदी आली तशी गेली होती रे भाऊ. तुह्या धुऱ्यातलं पाणी कावून जाईन? ही आळी सगळ्यात खाली. साहेब बरोबर बोलून राहिला, अन् तू माह्यासाठी बोलून राहिला."

"पण मंग तुहं घर बाहेर जाईन, ताई."

"समजते मले," ती म्हणाली, आणि उरलेला भात माझ्या ताटात घातला.

मला तिचा राग आला. तिच्यासाठी साहेबांशी भांडावं आणि तिनंच मला तोंडघशी पाडावं! संध्याकाळपर्यंत राग ओसरला आणि नुसतं वाईट वाटत राहिलं, कारण ती म्हणाली त्यात खोट काढायला जागाच नव्हती. सकाळी मी साहेबांना गाडीवाटेचा बांधच बरा म्हणून सांगितलं. आखणीच्या खुंट्या ठोकल्या त्या मीच. घर उतरवताना ताईनं एकेक कवेलू हातानं काढलं आणि धड होती तेवढी वरच्या नव्या घरावर चढवली. भिंती काही नेता येत नाहीत.

पावसाळ्यात शिवनाथ चढली. बांधाला भिडून पाणी थांबलं. आम्ही दोघं बांधावर उभे होतो. खालच्या आळीत सीताफळाचा शेंडा तेवढा दिसत होता. माझी छाती अभिमानानं फुगली होती. कसबा कोरडा होता.

"मले आत घेतलं तुनं," ताई म्हणाली. "घर बाहेर ठेवलं."

त्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्तच लागलं. ती डोळे पुसत घराकडे निघाली. चार पावलांवर ओल्या मातीत खेकड्याचं बीळ होतं. तिथं थांबून तिनं टाच मारली, ते नीट बुजलं का पाहिलं, आणि पुढं गेली.